ॲडम ग्रीव्हच्या निशाणीची खरी नक्कल

अर्जदार : दत्ताराम भिकाजी चिंदरकर, वय वर्षे छप्पन्न, धंदा अर्जलेखन, मूळ राहणार तालुका मालवण, हल्ली मुक्काम एजवेअर, उत्तर लंडन.

ज्याच्या वतीने अर्ज : ॲडम ग्रीव्ह, मूळ राहणार मौजे वेल्डरबी, लिंकनशायर परगणा, नंतर राहणार मॅसॅच्युसेट्स, अमेरिका. मयत, सुमारे साडेतीनशे वर्षे. वारस हजर नाहीत.

ज्याच्याविरुद्ध अर्ज : अर्जदार स्वतः.

घटनेची वेळ व स्थळ : ऑक्टोबर १९८९ चा दुसरा शनिवार, सकाळी अकरा ते दुपारी अडीच, वेल्डरबी गावच्या चर्चची मागची खोली.

साक्षीदार : १. श्रीमती रिबेकाबाई किहीमकर, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. २. कुमारी स्मिता, अर्जदाराची कन्या, मोटार तिची. ३. मिस्टर होल्डन, चर्चची किल्ली सांभाळणारे गृहस्थ.

इतका तपशील आधी दिला, कारण तो दिल्याशिवाय मला पुढे लिहिताच येत नाही. संपादकांनी या दिवाळी अंकासाठी "तुमच्या धंद्यातले काही अनुभव लिहा, चिंदरकर, पण अर्जासारखे नको" असे बजावले होते. दुसऱ्या अटीबद्दल त्यांनी क्षमा करावी.

अर्जलेखनाचा धंदा बाहेरच्या माणसाला सोपा वाटतो. माणूस बोलतो, आपण लिहितो, असा त्याचा समज असतो. वस्तुतः माणूस बोलत नाही, तो रडतो, भांडतो, मध्येच मुलीच्या लग्नाचे सांगतो, आणि त्यातून आपल्याला पाच गोष्टी वेचायच्या असतात : कोण, कोणाविरुद्ध, काय घडले, कोणी पाहिले आणि काय हवे. पाचवी गोष्ट दहातले आठ लोक सांगायचीच विसरतात. कुडाळच्या कचेरीबाहेर ज्यांच्या चटईवर मी हा धंदा शिकलो ते आबा म्हणत, "दत्ताराम, काय हवं ते विचारून घे. नाहीतर सरकार सहानुभूती पाठवील."

मॅट्रिकने मला दोनदा नाकारले. परंतु माझे अक्षर, इंग्रजी आणि मराठी दोन्ही, नाकारण्याची कोणाची छाती झाली नाही. एकाहत्तर साली इकडे आलो. दिवसा गोदामात नोकरी आणि शनिवारी वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर अर्जलेखन असा क्रम बसला. कौन्सिलला, गॅसवाल्यांना, शाळांना, व्हिसाच्या कचेरीला माझ्या हातचे किती कागद गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही, परंतु व्हिसाच्या कचेरीतल्या एका बाईंनी एकदा फोनवर माझ्या अशिलाला विचारले होते, "हे पत्र त्याच गृहस्थांनी लिहिलंय का?" याला मी कीर्ती समजतो.

एक उदाहरण सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. शेजारच्या रस्त्यावरच्या एक तरुण बाई आल्या. मुलाला शाळेत गोमांस वाढू नये, एवढेच शाळेला कळवायचे होते. मी दोन पाने लिहिली. प्राचीन काळापासून गाईचे स्थान, अर्जदार मातेची व्यथा, बालमनावरील संस्कार, सगळे यथास्थित. शाळेचे उत्तर एका ओळीत आले : कळले, त्याला चिप्स देऊ. बाईंनी ते मला दाखवले आणि म्हणाल्या, "काका, छान होतं हो तुमचं पत्र. पण त्यातली मी कोण, तेच मला कळेना." मी तेव्हा ही प्रशंसा समजलो होतो.

आता मुख्य विषयाकडे येतो.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात रिबेकाबाई किहीमकर माझ्या टेबलापाशी आल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात पांढरी पिशवी, डोक्याला रुमाल. मुंबईच्या मराठी ज्यूंपैकी; इकडे येऊन पंचवीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. पुढ्यातली खुर्ची त्यांनी हाताने चाचपून ओढली, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांची दृष्टी अधू आहे.

"मधोमध धूर आणि कडेला उजेड," त्यांनी आपणहून सांगितले. "तुमचा कान मला स्वच्छ दिसतोय, चिंदरकर. तोंड दिसत नाही. तक्रार नाही माझी."

त्यांना अमेरिकेतल्या एका गावच्या कचेरीला पत्र लिहून हवे होते. कारण विचारले, तेव्हा कळले की त्या दर मंगळवारी प्रौढांसाठी एक वर्ग चालवतात : आरंभीची अमेरिका, तिची माणसे आणि त्यांची ठिकाणे.

"एजवेअरमध्ये?" मी विचारले.

"मग कुठे? माणसं इथूनच तर गेली," त्या म्हणाल्या. "अमेरिकेचा पहिला धडा इंग्लंडच्या खेड्यांत आहे. कोण गेलं, कोण मागे राहिलं, का गेलं. पुस्तक मिटायचं आणि बूट घालायचे, एवढीच माझी पद्धत."

मी त्या वर्गात नाव घातले. पत्र नीट लिहायचे तर विषय समजला पाहिजे असे कारण मी घरी दिले. खरे कारण कुतूहल. अमेरिका म्हणजे उंच इमारती आणि भाच्याचे फोटो एवढेच मला ठाऊक होते, आणि इथे सहा-सात माणसे थर्मास घेऊन पडक्या चर्चमध्ये अमेरिका शोधत होती. आम्ही प्लिमथला गेलो, जिथून इंग्रज वसाहतकारांना अमेरिकेला नेणारे ते प्रसिद्ध जहाज निघाले. तिथे दाखवतात त्या पायऱ्या खऱ्या नव्हेत, खरी जागा नक्की कोणालाच ठाऊक नाही, हे ऐकून मला फार बरे वाटले. सरकारी कागदांतही असेच असते. आम्ही ग्रेव्हसेंडला गेलो. व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांपैकी एक तरुणी परतीच्या प्रवासात आजारी पडून तिथे पुरली गेली. पुतळा आहे, कबर नेमकी कुठे ते कोणालाच माहीत नाही.

मी विचारले, "बाई, तिचा स्वतःचा एखादा अर्ज, जबानी, काही?"

रिबेकाबाई थांबल्या. "एकही नाही. तिच्याबद्दल लिहिणारे ढीगभर. तिने लिहिलेलं अक्षर नाही. चिंदरकर, या टर्ममधला हा पहिला शहाणा प्रश्न."

त्यांना या समुद्र ओलांडणाऱ्या माणसांची इतकी ओढ का, असे मी परतीच्या गाडीत विचारले. त्या म्हणाल्या, "आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून लागले, असं आम्ही घरात ऐकत आलो. जे वाचले त्यांनी ज्या गावात आसरा मिळाला त्या गावाचं नाव अंगावर घेतलं. म्हणून मी किहीमकर. ही माणसं उलटी. जिथे उतरली त्या जागेला आपल्या गावाचं नाव दिलं. केंब्रिज इथे, केंब्रिज तिथे. मला बघायचंय, असं कोण करतं, नि का."

ऑगस्टमध्ये अमेरिकेहून उत्तर आले, सोबत एका जुन्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स. तिथल्या कचेरीचे म्हणणे असे : गावच्या सभागृहासमोर एक दगड बसवायचा आहे. पहिल्या वसाहतकारांची नावे आणि ते इंग्लंडमधल्या कोणत्या गावचे, हे त्यावर कोरायचे. बाकी सर्वांचे गाव लागले. ॲडम ग्रीव्ह या एका माणसाचे लागत नाही. त्या नावाची माणसे दोन गावांत आढळतात, एक लिंकनशायरमधले वेल्डरबी, दुसरे डेव्हनमधले. ग्रीव्हला सही येत नव्हती, त्याची निशाणी तेवढी या कागदावर आहे. वेल्डरबीत त्याची निशाणी असलेला कागद सापडला, तर ताडून पाहता येईल.

ती झेरॉक्स आम्ही वाचनालयाच्या टेबलावर पसरली. मजकूर सगळा इंग्रजीत, नदीपासून ओकच्या झाडापर्यंत वगैरे. खाली उजवीकडे चार इंग्रजांची नावे. डावीकडे ज्यांची जमीन होती त्या दोघा मूळ रहिवाशांच्या निशाण्या : एक धनुष्य आणि एक कासवासारखा प्राणी. मी पुष्कळ वेळ त्या धनुष्याकडे पाहत होतो. ज्याने ते काढले त्याला वरच्या इंग्रजी मजकुरातले अक्षर कळत नसणार. आणि मजकूर लिहिणारा माझ्यासारखाच कोणी नेटक्या अक्षराचा माणूस असणार. काय लिहिले ते त्याने धनुष्यवाल्याला वाचून दाखवले होते का, हा प्रश्न मला अजूनही सोडत नाही.

ॲडम ग्रीव्हच्या नावापुढे मात्र विचित्र आकार होता. वर अर्धगोल, खाली दोन लोंबती टोके.

"खेकड्याची नांगी," मी म्हणालो.

"बाबा, ते हेडफोनसारखा दिसते," स्मिता म्हणाली. माझी कन्या इथलीच जन्मलेली. तिच्या मराठीतले लिंग मी सुधारीत नाही, नाहीतर ती बोलायचीच थांबते.

रिबेकाबाईंनी भिंग लावून, मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तो आकार पुष्कळ वेळ पाहिला. "एक टोक आखूड आहे," त्या म्हणाल्या. "हे काहीतरी हत्यार आहे. माणसाला लिहिता येत नसलं की तो आपलं हत्यार काढतो. तुमच्याकडे नव्हतं का? कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाईमाणसाची बांगडी?"

होते. आबांच्या दप्तरातल्या जुन्या कागदांवर मी ते पाहिले होते. नंतर अंगठा आला आणि सगळी माणसे सारखी झाली.

"आमचे आजोबा तेली होते," रिबेकाबाई सांगू लागल्या. "शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. गावच्या विहिरीच्या पाण्यावरून एक अर्ज झाला होता, त्यावर त्यांनी घाणा काढला होता. बैल, लाट, सगळं. वडील फार कौतुकाने सांगायचे. पुढे मी मुद्दाम जाऊन कागद मिळवला, तर मूळ कागद वाळवीने खाल्लेला. नक्कल तेवढी होती. तिच्यावर काय, तर फुली." त्यांनी भिंग पिशवीत ठेवले. "माझे डोळे दोन वर्षांत जातील असं डॉक्टर म्हणतात. आजोबांचा घाणा आता मिळत नाही. या एका माणसाचं तरी बरोबर लागू दे."

वेल्डरबीच्या चर्चमध्ये गावकऱ्यांचा एक जुना अर्ज आहे, हे त्यांना पूर्वीच्या फेरीपासून ठाऊक होते. गायरान बंद केल्याविरुद्ध गावाने जमीनदाराला केलेला. कागद जुना म्हणून झेरॉक्सला बंदी, फोटोलाही बंदी. हाताने उतरवून घेण्यास मात्र परवानगी होती.

"हाताने?" मी म्हणालो. "मग चिंता सोडा, बाई."

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी स्मिताने आम्हाला नेले. मिस्टर होल्डन हे थोराड, लाल गालांचे शेतकरी किल्ली घेऊन उभे होते. मागच्या खोलीत त्यांनी पेटी उघडली. तो अर्ज पाहून मला जे वाटले ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो माझ्याच धंद्यातला कागद होता. कोण, कोणाविरुद्ध, काय घडले, कोणी पाहिले, काय हवे. पाचवी गोष्टसुद्धा होती. खाली एकतीस नावे.

"नावं, निशाण्या, काही सोडू नका," रिबेकाबाई म्हणाल्या. खोलीत उजेड मंद होता. त्यांना त्या उजेडात काहीच दिसत नव्हते. त्या बाहेर बाकावर बसल्या आणि मिस्टर होल्डनकडून मेंढ्यांची माहिती घेऊ लागल्या.

साडेतीन तास मी बसलो होतो. इतकी सुबक नक्कल माझ्या हातून क्वचित झाली असेल. आणि प्रत्येक निशाणीच्या जागी मी एक नेटकी फुली केली.

इथे बाहेरच्या वाचकाला धंद्यातला एक नियम सांगणे भाग आहे. खरी नक्कल करताना दुसऱ्याची सही गिरवायची नसते. गिरवली तर ती नक्कल राहत नाही, बनावट सही होते, आणि त्याला शिक्षा आहे. मूळ कागदावर सही असेल तर नकलेवर "सही" असा शब्द लिहून रेघ मारायची. अंगठा किंवा निशाणी असेल तर फुली. आबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या बोटांवर पट्टी मारून हे शिकवले होते. तीस वर्षांत मी एकाही माणसाची सही गिरवली नाही, याचा मला अभिमान होता. म्हणून त्या दिवशी त्या एकतीस निशाण्यांकडे मी पाहिले, पण नियमाच्या सवयीने पाहिले. इथे निशाणी आहे, एवढेच नोंदले; ताडून पाहणे हे अमेरिकेच्या कचेरीचे काम, असे मी धरून चाललो होतो. काही ठिकाणी साध्या फुल्या होत्या, काही ठिकाणी आकृत्या होत्या. कोणापुढे कोणती, हे घरी आल्यावर मला सांगता आले नसते.

कोणी विचारलेही नाही. रिबेकाबाईंनी नक्कल हातात घेऊन कागदावरून बोट फिरवले. "तुमच्या अक्षराला उठाव आहे," म्हणाल्या. मी ती पाकिटात घालून, "खरी नक्कल असे" असा इंग्रजी शेरा मारून, रजिस्टर पोस्टाने अमेरिकेला धाडली.

जानेवारीत उत्तर आले. शनिवार होता, वाचनालयात गर्दी होती. स्मिताने वाचून दाखवले. आभार, अत्यंत सुंदर हस्ताक्षर, परंतु वेल्डरबीच्या अर्जावर ॲडम ग्रीव्हची निशाणी साधी फुली असल्याचे दिसते, आणि आमच्या माणसाची निशाणी फुली नाही. सबब आमचा माणूस वेल्डरबीचा नव्हे. दगडावर डेव्हनमधल्या गावाचे नाव घालण्याचे ठरले आहे.



"फुली?" रिबेकाबाई हळू म्हणाल्या. "चिंदरकर, मूळ कागदावर त्याच्या नावापुढे फुली होती?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला. मी चांगला समजावून सांगतो. बोलता बोलता माझ्याच कानांना ते कसे वाटत होते ते मला आठवते.

त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे आजोबांच्या कागदावर तुमच्यासारखाच कोणी बसला होता. मी आयुष्यभर त्याला आळशी समजत आले. तो बिचारा प्रामाणिक होता."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. स्मिता मला म्हणाली, "बाबा, you have to fix this. तुम्ही लोकांचा कंप्लेंट लिहिता ना? मग आता तुमचा लिहा."

फेब्रुवारीत आम्ही तिघे पुन्हा वेल्डरबीला गेलो, या वेळी अमेरिकेची झेरॉक्स बरोबर घेऊन. पेटी रिकामी होती. चर्चच्या छपरातून पाणी गळू लागल्याने सगळे कागद परगण्याच्या दफ्तरखान्यात हलवले होते, आणि तिथे त्यांची डागडुजी चालू होती; ती पुरी होईपर्यंत कोणाला पाहता येणार नव्हते.

मी निराश होऊन झेरॉक्सची घडी घालत होतो, तेवढ्यात मिस्टर होल्डनने ती हातातून घेतली.

"हे काय आहे म्हणता?"

"आम्हाला ठाऊक नाही," मी म्हणालो. "मी म्हणतो खेकडा, कन्या म्हणते हेडफोन."

ते इतके हसले की खोकला आला. मग काही न बोलता मोटारीत बसून घरी गेले आणि दहा मिनिटांत एक लोखंडी वस्तू घेऊन परत आले. एकाच पट्टीची वाकवून केलेली, मागे कमान, पुढे दोन पाती. मेंढीची लोकर कातरायची कात्री. त्यांच्या वडिलांची. खिळ्याला टांगलेली असे.

"ऑक्टोबरमध्ये या बाईंना तासभर मेंढ्यांबद्दल सांगत बसलो," ते म्हणाले, "आणि एकानेही मला हा कागद दाखवला नाही."

रिबेकाबाईंनी कात्री दोन्ही हातांत घेतली. कमान दाबली, सोडली, पुन्हा दाबली. पाती एकमेकांवरून सरकल्याचा आवाज त्या रिकाम्या चर्चमध्ये मोठा वाटला.

"गायरान बंद झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मेंढ्या गेल्या. मेंढ्या गेल्यावर कातरणारा काय करील? जाईल." आणि मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे पाहून : "का गेला ते कळलं, चिंदरकर. तोच गेला का, ते मात्र तुमच्या फुलीखाली आहे."

दफ्तरखान्याला मी अर्ज केला. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला हा सर्वांत लहान अर्ज. कच्चा मसुदा चार पानांचा होता, रिबेकाबाईंनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "यात तुम्ही कुठे आहात?" मला त्या चिप्सवाल्या बाई आठवल्या. मी चार पाने फाडली आणि लिहिले : मी नक्कल केली. निशाणीच्या जागी फुली घातली. त्यामुळे एका मृत माणसाचे गाव चुकले. मला तो कागद पुन्हा पाहायचा आहे. माझ्याबरोबरच्या बाईंची दृष्टी जात आहे, म्हणून लवकर.

लवकर म्हणजे एक्याण्णवचा एप्रिल. दरम्यान नव्वदच्या उन्हाळ्यात अमेरिकेत दगड बसला. त्याचा फोटो त्यांनी सौजन्याने पाठवला. सगळ्यात खाली ॲडम ग्रीव्ह, पुढे डेव्हनमधले ते गाव. अक्षरे सुरेख कोरलेली होती. माझ्या नकलेइतकीच सुरेख.

दफ्तरखान्यातल्या खोलीत पेन बाहेर ठेवावे लागते, फक्त पेन्सिल चालते. रिबेकाबाईंच्या डोळ्यांत तोवर कडेचा उजेडही राहिला नव्हता. स्मिताने त्यांना हात धरून बसवले. तिथल्या तरुण बाईंनी कागद आणून उशीवर ठेवला. मी नावे मोजत खाली आलो. सतरावे नाव.

मी काही बोलणार तोच रिबेकाबाईंनी हात पुढे केला. तळहात वर.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "काढा."

तीस वर्षांत दुसऱ्याची निशाणी न गिरवलेल्या माणसाने, उजव्या हाताच्या तर्जनीने, त्यांच्या तळहातावर ॲडम ग्रीव्हची निशाणी गिरवली. कागदावर पाहत, रेघ कुठे सुरू होते, कुठे थांबते, कुठे हात थरथरला आहे, सगळे तसेच. आधी कमान. मग डावे पाते. मग उजवे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "उजवं पुन्हा काढा."

मी पुन्हा काढले.

"आखूड आहे," त्या म्हणाल्या. "अमेरिकेच्या कागदावरही उजवंच आखूड होतं. मी भिंगाने पाहिलं होतं." त्यांनी मूठ मिटली. "त्याची कात्रीच तशी असेल हो. एक पातं मोडलेलं. तीच घेऊन गेला."

स्मिता डोळे पुसत म्हणाली, "आजी, तुम्ही detective आहात." दफ्तरखान्याच्या बाईंनीही येऊन झेरॉक्स शेजारी धरून पाहिली आणि मान डोलावली. त्याच महिन्यात त्यांच्या कचेरीने त्या निशाणीचा अधिकृत फोटो काढून दिला. तो, माझा कबुलीजबाब आणि तिघा साक्षीदारांच्या सह्या मी अमेरिकेला पाठवल्या. नंतर दोनदा स्मरणपत्रे दिली. आज त्र्याण्णवची दिवाळी आली. उत्तर नाही. कदाचित ज्यांनी आधी पत्रव्यवहार केला ते गृहस्थ निवृत्त झाले असतील. कदाचित एकदा कोरलेला दगड पुन्हा कोण हलवील, असा प्रश्न असेल. तो प्रश्न मी समजू शकतो. त्या दगडात माझीही एक फुली आहे.

रिबेकाबाई आता उत्तर लंडनमधल्या एका वृद्धाश्रमात असतात. वर्ग बंद झाला, परंतु दर शनिवारी माझे टेबल आटोपले की मी तिथे जातो. दार उघडल्याचा आवाज आला की त्या विचारतात, "आलं का?" मी नाही म्हणतो. मग त्या मला अमेरिकेच्या इतिहासातला एक प्रश्न विचारतात आणि बहुधा माझे उत्तर चुकते.

धंद्यातही थोडा फरक पडला आहे. अलीकडे माझ्या टेबलापाशी कोणी बसले की मी आधी त्याचे शब्द त्याच्याच भाषेत कोपऱ्यात लिहून ठेवतो, आणि शेवटी अर्ज वाचून दाखवून विचारतो, "यात तुम्ही दिसता का?" दहातले आठ लोक नाही म्हणतात. मग मी खोडतो. अर्ज आखूड झाले आहेत. व्हिसाच्या कचेरीतल्या बाई आता माझे पत्र ओळखत नसतील, याचे थोडे वाईट वाटते.

या अंकाच्या प्रती दरवर्षी अमेरिकेतल्या मराठी घरांत जातात, मॅसॅच्युसेट्समध्येही जातात. त्या गावाचे नाव आणि सर्व कागदांच्या प्रती अर्जदाराकडे आहेत, मागितल्यास मिळतील.

सबब नम्र विनंती की, तिकडे राहणाऱ्या वाचकांपैकी कोणी सवड काढून त्या सभागृहासमोरच्या दगडापाशी जावे, आणि आतल्या कचेरीत हा अर्ज तोंडी सादर करावा. ॲडम ग्रीव्ह, लोकर कातरणारा, हा वेल्डरबीचा होता. चूक नक्कल करणाराची होती. तिचा बोजा मयतावर राहू नये. दगड बदलता येत नसल्यास तसे स्पष्ट कळवावे. सहानुभूती पाठवू नये. होकार असो वा नकार, उत्तर जरूर द्यावे, आणि त्या कचेरीने उत्तराच्या तळाशी टाइप केलेल्या नावावर भागवू नये. आपल्या गावची काही निशाणी असेल तर ती हाताने, ठसठशीत काढावी. अर्जदार ती शनिवारी रिबेकाबाईंच्या तळहातावर उतरवील, आणि यापुढे फुली घालणार नाही, अशी लेखी हमी देतो.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
दत्ताराम भिकाजी चिंदरकर
सही दस्तुरखुद्द